पत्ता-रूपांतर सारणी (एक्झिक्युटेबल प्रोग्राम)

पत्ता-रूपांतर सारणी म्हणजे बदल केलेल्या एक्झिक्युटेबल प्रोग्रामातील सूचनांचे नवे पत्ते आणि मूळ प्रोग्रामातील त्यांचे पत्ते यांचा संबंध नोंदवणारी माहिती होय. कंपायलर आणि लिंकर यांचे काम संपल्यानंतर एखाद्या साधनाने तयार फाइलमध्ये सूचना घातल्या, वगळल्या किंवा हलवल्या, की जुने पत्ते लागू पडत नाहीत. बदल करताना त्या साधनाला दोन्ही पत्ते ठाऊक असतात. ते तेव्हाच नोंदवले नाहीत, तर पुढे खात्रीने शोधून काढता येत नाहीत. प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम आभासी पत्त्यांचे भौतिक पत्त्यांत जे रूपांतर करतात, ते यापेक्षा निराळे आहे.

गरज

तयार प्रोग्राम वेग वाढवण्यासाठी, त्याच्या वर्तनाची मोजणी करण्यासाठी किंवा दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर चालवण्यासाठी बदलला जातो. थेट उडीच्या सूचनेतच लक्ष्य लिहिलेले असते, त्यामुळे ती दुरुस्त करणे सोपे असते. खरी अडचण फंक्शन पॉइंटरसारख्या, चालू प्रोग्रामाच्या डेटात साठवलेल्या पत्त्यांची असते. फाइलमधला एखादा आकडा पत्ता आहे की साधी संख्या, हे नुसते पाहून नेहमी सांगता येत नाही. असा जुना पत्ता वापरून उडी मारली गेली, तर ती ऐनवेळी नव्या पत्त्याकडे वळवावी लागते. यावरचा सारणीविना उपाय म्हणजे जुन्या जागी नव्या जागेकडे नेणारी उडी ठेवणे. मात्र एक्स८६ प्रोसेसरवर अशा नेहमीच्या उडीला ५ बाइट लागतात आणि तेवढी जागा दरवेळी मिळतेच असे नाही.

उलट दिशेची, म्हणजे नव्या पत्त्यावरून जुना शोधण्याची गरज निरीक्षकाला पडते. डिबगर सूचनेच्या पत्त्यावरून मूळ मजकुराची ओळ दाखवतो. ही माहिती अद्ययावत नसेल, तर प्रोग्राम कोसळल्यावर भलतीच ओळ दिसते आणि दोष नसलेल्या ठिकाणी शोध सुरू होतो. सी++ मधील अपवाद-हाताळणीही पत्त्यांच्या सारण्यांवर चालते. त्या सारण्या जुन्याच राहिल्या, तर अपवाद पकडणारा भाग सापडत नाही आणि प्रोग्राम बंद पडू शकतो.

इतिहास

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस व्हॅक्स संगणकांचे प्रोग्राम अल्फा प्रोसेसरवर चालवण्यासाठी व्हेस्ट हे भाषांतर-साधन तयार केले. भाषांतरित फाइलमध्ये मूळ व्हॅक्स प्रोग्रामही ठेवला जाई, आणि जुन्या पत्त्यांवरून नवे शोधण्याची सोय असे. त्याच कंपनीत अमिताभ श्रीवास्तव आणि ॲलन यूस्टेस यांनी १९९४ मध्ये मांडलेले ॲटम हे साधन प्रोग्रामात मोजणीच्या सूचना घालत असे. ॲटम प्रोग्रामाच्या डेटाचे पत्ते हलवत नसे. सूचनांचे पत्ते बदलत, परंतु मोजणी करणाऱ्या फंक्शनला सूचनेचा पत्ता हवा असल्यास मूळ पत्ताच पुरवला जाई. त्यामुळे मोजमाप बदललेल्या प्रोग्रामाचे न होता मूळ प्रोग्रामाचे होई.

बोल्टमधील सारणी

बोल्ट हे फेसबुकमध्ये विकसित झालेले साधन आहे. त्यावरील शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२२ मध्ये ते एलएलव्हीएम प्रकल्पात समाविष्ट झाले. चालू प्रोग्रामातून गोळा केलेल्या नमुन्यांवरून, म्हणजे प्रोफाइलवरून, वारंवार चालणारे ब्लॉक ते शेजारी आणते व क्वचित चालणारे दूर ठेवते. त्यामुळे कॅश मेमरीचा चांगला वापर होतो. फेसबुकच्या डेटा सेंटरमधील प्रोग्रामांचा वेग, कंपायलर व लिंकरने आधीच सुधारणा केलेली असूनही, आणखी ७ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे त्या निबंधात नमूद आहे.

यातूनच एक पेच उद्भवतो. सर्व्हरवर चालत असतो तो बोल्टने बदललेला प्रोग्राम, त्यामुळे ताजे नमुनेही नव्या पत्त्यांचे मिळतात. बोल्टला मात्र प्रोफाइल मूळ फाइलच्या पत्त्यांत हवे असते, आणि एकदा बदललेली फाइल ते पुन्हा बदलण्यासाठी स्वीकारत नाही. केवळ नमुन्यांसाठी मूळ, संथ प्रोग्राम काही सर्व्हरवर चालवत ठेवणे खर्चाचे आहे. म्हणून बोल्ट, तसा पर्याय निवडल्यास, नव्या फाइलमध्येच एका स्वतंत्र विभागात पत्ता-रूपांतर सारणी लिहिते. नमुने वाचणारे साधन तिच्या आधारे पत्ते मागे नेते.

प्रत्येक सूचनेची नोंद ठेवल्यास सारणी अवाढव्य होईल. त्यामुळे मुख्यतः ब्लॉकच्या आरंभाची आणि उडीच्या सूचनांची नोंद होते, तीही फंक्शनच्या सुरुवातीपासूनच्या अंतरांच्या रूपात. समजा, मूळ फाइलमध्ये ५१०० या पत्त्यावर असलेला ब्लॉक ९००३६ या पत्त्यावर गेला आणि नमुना ९००५० चा मिळाला. सारणीत ९००५० पेक्षा मोठी नसलेली सर्वांत जवळची नोंद ९००३६ ही आहे. उरलेले अंतर १४, म्हणून मूळ पत्ता ५११४. ही बेरीज ब्लॉकच्या आतल्या सूचना तशाच राहिल्या असतील तरच बिनचूक ठरते. याच कारणास्तव उडी जेथून निघाली त्या पत्त्याच्या बाबतीत बोल्ट उरलेले अंतर मिळवत नाही, नोंदवलेला मूळ पत्ताच घेते.

मर्यादा

दोन पत्त्यांचे नाते नेहमी एकास एक नसते. सारख्या सूचनांची दोन फंक्शने एकत्र केली, तर नव्या पत्त्यावरील नमुना त्यांपैकी कोणाचा, हे सारणी सांगू शकत नाही. एखादे फंक्शन त्याला बोलावणाऱ्या अनेक ठिकाणी उतरवले, तर एका जुन्या पत्त्याला अनेक नवे पत्ते मिळतात. साधनाने स्वतः घातलेल्या सूचनांना मूळ पत्ता नसतोच.

सुरक्षेसाठी ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्राम दरवेळी वेगळ्या जागी चढवते. तो फरक वजा केल्याखेरीज सारणीत शोध घेता येत नाही. शिवाय सारणी फाइलच्या एका विशिष्ट जोडीपुरतीच खरी असते. त्याच मजकुरापासून थोडा वेगळा मूळ प्रोग्राम पुन्हा बांधून त्याला जुनी सारणी लावली, तरी पत्ते मिळतातच. ते वैध दिसतात, पण भलत्याच सूचनांकडे नेतात.