घरावर राष्ट्रध्वज लावण्याची पद्धत (भारत)

भारताचा राष्ट्रध्वज खासगी घरावर, गच्चीवर, सज्जात किंवा घरातील भिंतीवर लावण्याचे नियम भारतीय ध्वजसंहिता, २००२ मध्ये दिलेले आहेत. ही संहिता २६ जानेवारी २००२ पासून अमलात आली. ध्वजाच्या अवमानाबद्दलची शिक्षा मात्र राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ मध्ये असून ती तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी आहे.

पार्श्वभूमी

संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला. तरीही पुढील अर्धशतक सामान्य नागरिकाला तो आपल्या घरावर ठरावीक राष्ट्रीय दिवशीच लावता येत असे. उद्योजक नवीन जिंदल यांनी या निर्बंधाला न्यायालयात आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी निर्णय दिला, की सन्मानपूर्वक ध्वज फडकवणे हा संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. मात्र हा हक्क अनिर्बंध नाही.

पूर्वी ध्वज हातसुताचा व हातविणीचाच असावा लागे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर तयार केलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजासही मान्यता मिळाली. खादीचे ध्वज आजही तयार होतात. महाराष्ट्रात नांदेड त्यासाठी ओळखले जाते. सूर्योदय ते सूर्यास्त ही मर्यादाही जुलै २०२२ मध्ये शिथिल झाली. आता घरावरील ध्वज दिवसा व रात्रीही ठेवता येतो.

मांडणी

ध्वज कोणत्याही आकारमानाचा चालतो, परंतु लांबी व उंचीचे प्रमाण ३:२ असले पाहिजे. बाजारातील स्वस्त ध्वजांत हे प्रमाण पुष्कळदा चुकते, क्वचित चक्राच्या २४ आऱ्याही पुऱ्या नसतात; म्हणून विकत घेतानाच ध्वज उलगडून पाहावा.

सज्जातून किंवा खिडकीतून तिरप्या वा आडव्या काठीवर ध्वज लावल्यास केशरी पट्टा काठीच्या बाहेरील टोकाकडे येतो. भिंतीवर आडवा लावल्यास केशरी पट्टा वर असतो. उभा लावताना मात्र हमखास गोंधळ होतो. संहितेनुसार केशरी पट्टा ‘ध्वजाच्या उजवीकडे’ हवा. ही उजवी बाजू ध्वजाची स्वतःची, पाहणाऱ्याची नव्हे. समोर उभ्या असलेल्या माणसाला केशरी पट्टा आपल्या डावीकडे दिसला पाहिजे. हे वाक्य घाईने वाचणारे नेमके उलटे करतात. सज्जाच्या कठड्यावरून ध्वज उभा सोडताना आणखी एक पेच येतो: घरातून बरोबर दिसणारा ध्वज रस्त्यावरून उलटा दिसतो. अशा वेळी रस्त्यावरचा माणूसच ‘समोरचा’ धरणे सयुक्तिक ठरते.

ध्वज फाटेल अशा रीतीने बांधू नये. खिळे ठोकण्यापेक्षा कडेच्या नेफ्यातून दोरी किंवा काठी ओवणे चांगले. त्याचा जमिनीला वा पाण्याला स्पर्श होऊ नये, त्यावर काही लिहू नये, आणि तोरण किंवा पताका म्हणून त्याचा उपयोग करू नये. त्याच काठीवर दुसरा ध्वज लावता येत नाही. इतर कोणताही झेंडा त्याच्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने शेजारी नसावा. उत्सवात गच्चीवर आधीच एखादा झेंडा लावलेला असेल, तर हे ध्यानात ठेवावे लागते. काठीच्या टोकावर हार, फुले किंवा चिन्ह ठेवण्यासही मनाई आहे. हौसेने घातलेला झेंडूचा हार त्यामुळे नियमाविरुद्ध ठरतो. फडकवण्यापूर्वी ध्वजाच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास मात्र हरकत नाही.

खासगी मोटारीवर ध्वज लावता येत नाही. तो मान संहितेत नमूद केलेल्या पदाधिकाऱ्यांपुरताच आहे.

जीर्ण ध्वज

‘हर घर तिरंगा’ मोहिमेत, १३ ते १५ ऑगस्ट २०२२ या काळात, असंख्य घरांवर ध्वज लागले. सज्जात महिनोन्‌महिने राहिलेला ध्वज ऊनपावसाने विटतो, कडेने उसवतो. फाटका किंवा मळलेला ध्वज लावणे संहितेला मंजूर नाही. तो कचऱ्यात टाकू नये, त्याचे फडके करू नये. असा ध्वज खासगीरीत्या, संपूर्ण स्वरूपात, शक्यतो जाळून किंवा त्याची प्रतिष्ठा राखणाऱ्या अन्य पद्धतीने नष्ट करावा, असे संहिता सांगते. मुलांच्या हातातील कागदी ध्वजांनाही हाच नियम लागू आहे. कार्यक्रमानंतर ते जमिनीवर टाकून न देता गोळा करून त्यांची अशीच विल्हेवाट लावायची असते.