जाळरेषा

जाळरेषा : वणवा पसरू नये म्हणून जंगलात गवत-पाचोळा काढून मोकळा ठेवलेला पट्टा. चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्ण्याचे जंगल शुष्क पानझडीचे, साग आणि बांबूचे; पाने गळाली की जमिनीवर वाळलेल्या पाचोळ्याचा जाड थर साचतो. म्हणून आगीचा हंगाम (१५ फेब्रुवारी ते १५ जून) सुरू होण्यापूर्वी वनकर्मचारी पट्ट्यातील गवत कापतात, वाळू देतात आणि वारा पडलेला पाहून ताब्यात ठेवून जाळतात. इतर कोणी राखीव जंगलात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. येथील बहुतेक वणवे माणसांमुळेच लागतात : मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही. जमिनीलगतची ही आग मोठ्या सागाला सहसा मारत नाही. रोपे मात्र होरपळतात, आणि खरे नुकसान तेच. तेंदूसाठी लागणारी आग टाळण्याचे एक उदाहरण शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यात आहे. तेथील पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलाचे व्यवस्थापन करण्याचा हक्क, मिळाला. गावाच्या ग्रामसभेने आग आणि फांद्यांची तोड टाळण्यासाठी तेंदूपाने तोडणेच बंद केले.