फलकक्रीडा

फलकक्रीडा ही एका लांबट फळीवर उभे राहून आणि शरीराचा तोल सांभाळून पाणी, बर्फ, रस्ता किंवा वाळू यांवरून पुढे सरकण्याच्या खेळांसाठी वापरली जाणारी सामूहिक संज्ञा आहे. सर्फिंग अथवा लाटस्वारी, स्केटबोर्डिंग, स्नोबोर्डिंग, विंडसर्फिंग, काइटसर्फिंग आणि उभ्याने वल्हे मारावयाचे पॅडलबोर्डिंग हे तिचे प्रमुख प्रकार होत. बोलीभाषेत 'बोर्डचे खेळ' असा उल्लेख होतो. परंतु कॅरम, बुद्धिबळ, सारीपाट अशा पटावरील बैठ्या खेळांशी या खेळांचा काहीही संबंध नाही.

या खेळांत यंत्राचे बळ सहसा नसते. लाट, उतार, वारा किंवा खेळाडूचा स्वतःचा पाय हीच चालकशक्ती असते. त्यामुळे हे खेळ ऋतूंशी बांधलेले आहेत आणि खेळाडूंचे गट ऋतुमानाप्रमाणे एका फळीवरून दुसऱ्या फळीकडे वळतात. बहुतेक प्रकारांत स्पर्धा व्यक्तिगत असली तरी सराव आणि भटकंती प्रायः मित्रमंडळींसह होते. यामागे हौस आहे तशीच सुरक्षिततेची निकडही आहे.

उगम

लाटेवर फळी टाकून किनाऱ्याकडे येण्याची कला पॉलिनेशियातील बेटांवर प्राचीन काळापासून चालत आली असून हवाई बेटांवर ती विशेष बहरली. तेथे राजे, सरदार आणि सामान्य जन, स्त्रिया आणि पुरुष सारेच लाटांवर उतरत. कोआ, विलिविली इत्यादी झाडांच्या लाकडांपासून फळ्या घडवीत. 'ओलो' नावाची लांब आणि जड फळी सरदारवर्गाची मानली जाई, तर 'अलाइया' ही पातळ फळी सर्वांच्या वापरात असे. हवाईच्या पारंपरिक पंचांगात कृत्तिका नक्षत्राच्या सायंकालीन उदयाबरोबर 'मकाहिकी' हा सुमारे चार महिन्यांचा उत्सवकाल सुरू होई. लोनो या देवतेला वाहिलेल्या या काळात युद्ध निषिद्ध होते; नेहमीची कामे बाजूला ठेवून लोक खेळांत रमत आणि लाटस्वारी ही त्यांपैकी एक होती. ऋतू आणि फळी यांचे नाते इतके जुने आहे.

कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील अधिकारी जेम्स किंग याने १७७९ मध्ये हवाईतील लाटस्वारीचे वर्णन लिहून ठेवले. पुढील शतक मात्र हवाईकरांसाठी भीषण ठरले. बाहेरून आलेल्या रोगांनी लोकसंख्या झपाट्याने घटली. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांना स्थानिकांची नग्नता, जुगार आणि खेळांत जाणारा वेळ पसंत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फळीवर उभे राहणारे थोडेच उरले. मिशनऱ्यांनी हा खेळ बंद पाडला असे सरसकट म्हटले जाते. परंतु माणसेच उरली नाहीत हे कारण अधिक मोठे होते असे म्हणणे न्याय्य ठरेल.

तरीही परंपरा पूर्णतः तुटली नाही. १८८५ मध्ये कॅलिफोर्नियात शिकत असलेल्या हवाईच्या तीन राजपुत्रांनी सांता क्रूझ येथे रेडवूडच्या फळ्यांवर लाटस्वारी केली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील लाटस्वारीची ही पहिली ज्ञात नोंद मानतात. विसाव्या शतकाच्या आरंभी वायकीकीच्या किनाऱ्यावर खेळाचे पुनरुज्जीवन झाले. १९०८ मध्ये तेथे स्थापन झालेल्या आउटरिगर कनू क्लबचे सभासद प्रामुख्याने गोरे होते. १९११ मध्ये स्थानिक तरुणांच्या मित्रमंडळाने 'हुई नालू' या नावाने स्वतःची संस्था रीतसर स्थापिली. हुई म्हणजे मंडळ आणि नालू म्हणजे लाट. तिच्या संस्थापकांपैकी ड्यूक काहानामोकू यांनी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर जलतरणाचे सुवर्णपदक जिंकले. पुढे ऑस्ट्रेलियात त्यांनी केलेल्या प्रात्यक्षिकांमुळे हा खेळ तेथे रुजला.

लाटेवरून रस्त्यावर

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मुलांनी लाकडी फळीला रोलर स्केटची चाके ठोकली. समुद्र शांत असेल त्या दिवशी काय करावे, हा त्यांचा प्रश्न होता; आरंभी या खेळाला 'पदपथावरील सर्फिंग' असेच म्हणत. चिकणमातीच्या मिश्रणाची ठिसूळ चाके खड्यावर अडकून खेळाडूला फेकून देत. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी यांनी युरेथेनची मऊ, पकड घेणारी चाके आणली आणि खेळ पुन्हा जिवंत झाला. त्यातच १९७६-७७ च्या अवर्षणात कॅलिफोर्नियातील घरांमागचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले. त्यांच्या गोलाकार भिंतींवर मुले लाटेप्रमाणे चढू लागली. उभ्या भिंतीवरील स्केटबोर्डिंगची शैली अशी एका दुष्काळातून घडली, हे क्रीडेतिहासातील एक विलक्षण प्रकरण आहे. १९७८ च्या सुमारास अ‍ॅलन गेल्फंड यांनी हात न लावता फळीसह उसळी घेण्याची 'ऑली' ही युक्ती शोधली. रॉडनी मलन यांनी ती सपाट जमिनीवर आणली. आजच्या रस्त्यावरील स्केटबोर्डिंगच्या बहुतेक करामती तीवरच उभ्या आहेत.

बर्फावरील फळी

१९६५ च्या नाताळात मिशिगन राज्यातील मस्कीगन येथे शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून एक खेळणे बनविले. त्यांच्या पत्नीने त्याला 'स्नर्फर' हे नाव दिले. त्यात पाय बांधण्याची सोय नव्हती. पुढच्या टोकाला बांधलेली दोरी हातात धरावी लागे. १९७७ मध्ये व्हर्मांटमध्ये जेक बर्टन कार्पेंटर यांनी पायबंध असलेल्या फळ्यांचा व्यवसाय सुरू केला. टॉम सिम्स व दिमित्रिये मिलोविच यांनीही याच काळात आपापल्या फळ्या विकसित केल्या. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात बहुतेक स्की केंद्रांत या खेळाडूंना प्रवेश नव्हता. आजही अमेरिकेतील आल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन ही केंद्रे फळीवाल्यांना घेत नाहीत.

तंत्र

डावा पाय पुढे ठेवणाऱ्यास 'रेग्युलर' आणि उजवा पुढे ठेवणाऱ्यास 'गूफी' म्हणतात; दोन्ही सारखेच योग्य आहेत. वळण्यासाठी खेळाडू शरीरभार फळीच्या एका कडेवर टाकतो. सर्फबोर्डाच्या तळाशी मागे पर असतो, तो फळीला आडवी घसरू देत नाही. स्नोबोर्डाच्या कडा पोलादी असतात व मध्यभागी तो किंचित अरुंद असतो, त्यामुळे कडेवर कलताच तो कमानीत वळतो. लाटेचे गणित थोडे निराळे आहे. दूर समुद्रातील वादळाने उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करतात आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की फुटू लागतात. म्हणूनच अनुभवी खेळाडू तळाचा आकार, भरती-ओहोटी आणि वाऱ्याची दिशा पाहून जागा निवडतात.

ऋतुचक्र

ओआहू या एकाच बेटावर ऋतूंचा खेळ स्पष्ट दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तर पॅसिफिकमधील वादळांच्या लाटा उत्तर किनाऱ्यावर आदळतात. वाइमेआ व पाइपलाइन या जगप्रसिद्ध जागा तेव्हा जाग्या होतात. उन्हाळ्यात तोच किनारा तळ्यासारखा निवांत असतो, आणि दक्षिण गोलार्धातील हिवाळी वादळांच्या लाटा दक्षिणेकडील वायकीकीला पोचतात. कॅलिफोर्नियातील एखादा गट हिवाळ्यात डोंगरावर स्नोबोर्डिंग, वसंतात व शरदात सर्फिंग आणि उरलेल्या संध्याकाळी स्केटबोर्डिंग करू शकतो. निओप्रीनच्या जलरोधी पोशाखाने थंड पाण्यातील हंगाम लांबविला. बर्कली येथील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी त्याची कल्पना मांडली. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुकान काढणाऱ्या जॅक ओनील यांनी तो सर्फिंग करणाऱ्यांत लोकप्रिय केला. 'जलरोधी' हा शब्द येथे सैल अर्थाने घ्यावा: पोशाखात थोडे पाणी शिरतेच, ऊब राखली जाते ती निओप्रीनमध्ये कोंडलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे.

सोबत आणि सुरक्षितता

खेळाचे आकर्षण वेगात असले तरी धोका बहुधा भूप्रदेशात असतो. मोकळ्या डोंगरउतारावर हिमस्खलन हा सर्वांत मोठा धोका होय. ३० ते ४५ अंशांचे उतार त्यास विशेष पोषक असतात, आणि नेमके असेच उतार स्नोबोर्डिंगलाही आवडतात. प्राणघातक हिमस्खलनांपैकी बहुतांश वेळा बर्फ सुटतो तो अडकलेल्या व्यक्तीच्या किंवा तिच्याच गटातील कोणाच्या भाराने. गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या १५ मिनिटांनंतर वेगाने घटते. बचावपथक एवढ्या वेळात क्वचितच पोचते, म्हणजे वाचवू शकतात ते जागेवरील सोबतीच. यासाठी गटातील प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्‌झवर संदेश देणारे-घेणारे यंत्र, घडीची शोधकाठी आणि फावडे ही तीन साधने असावी लागतात. एकाजवळ असून भागत नाही, कारण गाडला जाणारा तोच असू शकतो. धोक्याच्या उतारावरून एका वेळी एकाने जावे आणि इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी, असा दंडक आहे. दाट झाडांच्या बुंध्याभोवती साचलेल्या भुसभुशीत बर्फाच्या खळग्यात डोके खाली जाऊन गुदमरण्याचा धोकाही असतो. दोन्ही पाय फळीला बांधलेले असल्याने स्वतः बाहेर येणे फार कठीण जाते.

समुद्रात भय असते ते किनाऱ्याकडून आत खेचणाऱ्या प्रवाहाचे. त्याच्याशी थेट झुंजणारा थकून बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे. फळीला घोट्याशी जोडणारी दोरी १९७० च्या दशकाच्या आरंभी रूढ झाली. तिच्यामुळे फळी हातची जात नाही. मात्र पहिल्या दोऱ्या फार ताणल्या जात व फळी उसळून परत येई. अशाच अपघातात जॅक ओनील यांचा डावा डोळा गेला.

वाइमेआ येथील जीवरक्षक एडी आयकाऊ यांचे नाव या संदर्भात आवर्जून घेतले जाते. त्यांच्या कामगिरीच्या काळात तेथे कोणी बुडाले नाही, अशी त्यांची ख्याती आहे. मार्च १९७८ मध्ये 'होकुलेआ' ही पारंपरिक बनावटीची होडी ताहितीकडे जाताना उलटली. सोबत्यांसाठी मदत आणावी म्हणून आयकाऊ आपल्या सर्फबोर्डावरून लानाई बेटाकडे निघाले. बाकीचे खलाशी वाचले. आयकाऊ कधीच सापडले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ भरणारी स्पर्धा लाटा पुरेशा प्रचंड असतील त्याच वर्षी होते, त्यामुळे कित्येक हिवाळे ती होतच नाही.

ऑलिंपिक

विंडसर्फिंग १९८४ मध्ये, स्नोबोर्डिंग १९९८ मध्ये नागानो येथे आणि सर्फिंग व स्केटबोर्डिंग २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रथम समाविष्ट झाले. टोकियोत महिलांच्या सर्फिंगचे पहिले सुवर्णपदक हवाईच्या करिसा मूर यांना मिळाले. स्केटबोर्डिंगमध्ये जपानची मोमिजी निशिया १३ व्या वर्षी विजेती ठरली.

भारतात

सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया ही या खेळाची राष्ट्रीय संघटना आहे. कर्नाटकातील मुल्की आणि तमिळनाडूतील कोवलम व महाबलीपुरम ही महत्त्वाची केंद्रे असून तमिळनाडूतील अनेक नामवंत खेळाडू मच्छीमार कुटुंबांतून आले आहेत. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण बाहेरून आलेला श्रीमंती छंद अशी या खेळाची प्रतिमा त्यामुळे बदलली. २०२३ मध्ये महाबलीपुरम येथे जागतिक सर्फ लीगची पात्रता स्पर्धा झाली. विंडसर्फिंगमध्ये इबाद अली यांनी हांगचौ आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक मिळविले.

स्केटबोर्डिंगला सर्वांत अनपेक्षित घर मिळाले ते मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यातील जनवार या खेड्यात. जर्मनीच्या उलरिक राइनहार्ड यांनी २०१५ मध्ये तेथे काँक्रीटचे मैदान उभारले. शाळेत न गेल्यास स्केटिंग नाही आणि मुलींना आधी संधी, असे दोन नियम तेथे ठेवले गेले. एकमेकांपासून अंतर राखणाऱ्या आदिवासी व यादव कुटुंबांतील मुले एकाच उतारावर आली. तेथील आशा गोंड हिने २०१८ मध्ये चीनमधील जागतिक स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केले.

स्नोबोर्डिंगसाठी काश्मीरमधील गुलमर्ग आणि उत्तराखंडमधील औली ही स्थळे प्रसिद्ध आहेत. गुलमर्गची गोंडोला अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर नेते. हंगाम साधारणतः जानेवारी ते मार्च असतो. गोंडोलाच्या परिघाबाहेरील उतारांवर हिमस्खलनाने मृत्यू झाले असल्याने स्थानिक वाटाड्या आणि दैनंदिन हिम-सूचना यांना पर्याय नाही.

महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षाचा बराच काळ लाटा लहान असतात. त्या नवशिक्यांना सोयीच्या पडतात. गोव्यात मोरजी, अश्वे या भागांत सर्फिंग व काइटसर्फिंगचे शिक्षण मिळते. पावसाळ्यात चित्र पालटते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी समुद्र खवळतो, प्रवाह जोरदार होतात आणि पाणी गढूळ असल्याने तळ दिसत नाही. यांत्रिक मासेमारीवरही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते. कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच होड्या लोटतो. लाटस्वारीचा नियमित हंगामही येथे साधारणतः पावसाळा ओसरल्यावर सुरू होऊन मे महिन्यापर्यंत चालतो.