देवगिरीच्या मात्रा आणि हायकूचे मौन

कल्याणला आचार्य अत्र्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे, हे ठाणे-डोंबिवलीच्या श्रोत्यांना सांगायला नको. अत्रे बोलायला उभे राहिले की सभा तासन् तास हलत नसे. मौज अशी की, मराठीत हायकू रुजवला तो याच अत्र्यांच्या कन्येने, शिरीष पै यांनी. वडिलांकडे शब्दांचा धबधबा आणि मुलीकडे जेमतेम तीन ओळी! मूळ जपानी हायकूत ५, ७ आणि ५ अशी १७ अक्षरे मोजतात. शिरीषताईंनी या मोजणीचा हट्ट धरला नाही. त्यांनी तीन ओळी ठेवल्या, त्यांतल्या दोहोंत यमक साधले आणि क्षणभर दिसलेले सांगून तिथेच थांबण्याची शिस्त पाळली.

आता तुम्ही विचाराल, हे गायचे कसे? आपल्या भावगीताची रीत ठरलेली आहे. ध्रुवपद, अंतरा, पुन्हा ध्रुवपद. हायकूला ते मानवत नाही. तो आळवत बसलो की त्यातला क्षण विरून जातो. मग संगीताने हायकूकडून घ्यायचे तरी काय?

परदेशातल्या दोघांनी या प्रश्नाला आपापल्या परीने उत्तर दिले आहे. पहिले अमेरिकेचे जॉन केज. १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या, तेव्हा केज यांनी त्यांच्याकडून भारतीय संगीताचा विचार समजून घेतला. पुढे १९५१-५२ मध्ये त्यांनी पियानोसाठी 'सात हायकू' रचले. त्यांत शब्द एकही नाही. हायकूच्या तीन ओळींसारखे प्रत्येक तुकड्याचे तीन भाग, त्यांची लांबी ५, ७, ५ अशी. स्वर थोडे, मधल्या जागा मोकळ्या. आणि त्या मोकळ्या जागाही मोजलेल्या बरं का!

दुसरे फ्रान्सचे ऑलिव्हिए मेसिआँ. १९६२ साली ते पत्नी इव्हॉन लोरिओ यांच्यासह जपानला जाऊन आले आणि त्यांनी 'सात हायकाई' ही रचना केली. १९६३ मध्ये ती पॅरिसला प्रथम वाजली. नारा गावचे उद्यान, मियाजिमाचे समुद्रातले तोरण, कारुइझावाचे पक्षी असे एकेका दर्शनाचे हे लहान लहान तुकडे. एका तुकड्यात ८ व्हायोलिने मिळून जपानी दरबारी संगीतातल्या तोंडाने वाजवायच्या वाद्याचा भास निर्माण करतात.

आणि इथेच गोष्ट आपल्या अंगणात येते. या जपानी चित्रमालेच्या आरंभी जे ताल योजले आहेत, त्यांत 'सिंहविक्रम' आणि 'मिश्रवर्ण' ही नावे आढळतात. ती आहेत शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तली! शार्ङ्गदेवाचे आजोबा काश्मिराहून दक्षिणेत आले. तो स्वतः देवगिरीच्या यादवांच्या पदरी हिशेबखात्याचा अधिकारी होता. सिंघण राजाच्या कारकिर्दीत, म्हणजे १२१० ते १२४७ या काळात, त्याने सात अध्यायांचा हा ग्रंथ सिद्ध केला. त्यानंतर काही वर्षांतच यादवांनी उत्तर कोकणच्या शिलाहारांचा पाडाव केला आणि ठाणे-कल्याणचा मुलूख देवगिरीच्या अमलाखाली आला. तेव्हा अंबरनाथचे शिवालय उभे राहून दोनशे वर्षे झाली होती.

पाचव्या अध्यायात शार्ङ्गदेवाने १२० देशी ताल नोंदले आहेत. त्यांची मापे द्रुत, लघु, गुरू, प्लुत. लघु-गुरू तर आपण शाळेत वृत्ते शिकताना ऐकलेले. लघूच्या निम्मा द्रुत, दुप्पट गुरू, तिप्पट प्लुत. शिवाय द्रुताला किंवा लघूला 'विराम' जोडला की तो निमपट वाढतो. समसमान चालणाऱ्या गतीत हे इवलेसे जादा माप आले की चाल एकदम जिवंत होते. मेसिआँ यांना विद्यार्थिदशेत ही यादी एका फ्रेंच संगीत-विश्वकोशात सापडली आणि जन्मभर पुरली. १९४४ साली स्वतःच्या रचनापद्धतीवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी शार्ङ्गदेवाचे ऋण नाव घेऊन मानले आहे.

यावरून 'हे सारे आमचेच!' म्हणून मिशीला पीळ देण्याचे मात्र कारण नाही. मेसिआँ यांच्या हाती पडली ती मापे. ठेका, बोल, समेवर येण्याचा आनंद हे त्यांत नव्हते. ते देशी ताल वाजवणारे हात आपल्याकडेही उरले नव्हते. आपल्या बैठकी त्रितालात आणि झपतालात रमल्या. ग्रंथाने मोजमाप जपले. ते हाताखाली घेऊन शिकवणारी परंपरा मात्र खंडली. परक्या माणसाने त्या कोरड्या आकड्यांतून आपल्या कुवतीने नवे संगीत केले, पण तो देवगिरीचा नाद नव्हे. तो कसा होता, हे सांगायला आज कोणी नाही.

मग आपल्या हाती काय राहते? हायकू मराठीत आहे. लघु-गुरूही मराठीत आहेत. कल्याणच्या गायन समाजासारख्या संस्थेतल्या किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या घरातल्या तरुण मंडळींनी तंबोरा जुळवावा, तीन ओळी एकदाच म्हणाव्यात आणि पुढचे एक आवर्तन सिंहविक्रमाच्या मापाने, काही न वाजवता, मनात मोजावे. पहिल्या खेपेला हसू येईल. दुसऱ्या खेपेला कोणाचे तरी माप चुकेल आणि त्यावर वाद होईल. तो वाद जरूर व्हावा. सुमारे आठशे वर्षांपूर्वी देवगिरीला बहुधा तोच चालत असेल.