हिवाळा पचवणाऱ्या ताडांची कुळकथा

जयपूरच्या आग्नेयेला जगतपुरा आहे. गेटोर जगतपुरा स्टेशनच्या आसपास आणि महल रोडच्या बाजूंना एके काळी शेतं होती. आता तिथे इंजिनीअरिंग कॉलेजं, उंच इमारती आणि सोसायट्या उभ्या राहिल्या आहेत. सोसायटी नवी असली की फाटकाच्या दोन्ही अंगांना पाम हवेतच. बिल्डरच्या माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव असतो आणि तलावाच्या काठावर पाम असतात. चित्रात ऋतू मात्र कायम उन्हाळ्याचाच असतो.

जयपूरचा हिवाळा चित्रातल्यासारखा नसतो. जानेवारीत किमान तापमान सरासरी ८ अंशांच्या आसपास असतं. पण आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की एखाद्या रात्री पारा थेट शून्याकडे घसरतो. याच जिल्ह्यातलं जोबनेर आणि शेखावाटीतलं फतेहपूर वारंवार शून्याखालच्या आकड्यांसाठी बातम्यांत झळकतात. सकाळी मोहरीच्या पानांवर आणि मोटारींच्या टपांवर गोठलेल्या दवाचा पांढरा थर दिसतो. आठवडाभरात फाटकाशी लावलेल्या पामची पानं करपल्यासारखी तपकिरी पडतात, आणि खापर माळ्याच्या डोक्यावर फुटतं.

खरं तर दोष त्या झाडांच्या कुळाचा असतो. फॉक्सटेल पाम ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या केप मेलव्हिलचा. तिथल्या खडकाळ डोंगरांबाहेर तो रानात कुठेच उगवत नाही, आणि वनस्पतिशास्त्रात त्याची रीतसर नोंद झाली तीसुद्धा १९८३ साली. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या चिमुकल्या बेटावरचा. आपल्याकडे ज्याला सर्रास बॉटल पाम म्हणतात तो रॉयल पाम क्युबा-फ्लोरिडाकडचा, आणि कुंडीतला अरेका मादागास्करचा. यांच्या पूर्वजांचा गोठणाऱ्या रात्रींशी फारसा संबंधच आला नाही. समुद्राने त्यांना कायम ऊब दिली.

थंडी पामला इतकी का झोंबते, याचं उत्तर त्याच्या शेंड्यात आहे. आंबा किंवा कडुलिंब वरून जळाला तरी खोडावरच्या डोळ्यांतून पुन्हा फुटतो. एकखोडी पामला वाढीचा कोंब एकच असतो, पानांच्या देठांच्या मुळाशी खोल दडलेला. सगळी पानं जळाली तरी तो कोंब शाबूत असेल तर झाड पुढच्या उन्हाळ्यात सावरतं. कोंब गेला की झाड गेलं. अनुभवी माळी थंडी सरल्यावर मधलं न उमललेलं, भाल्यासारखं पान हलकेच ओढून पाहतो. ते घट्ट असेल तर आशा असते. हातात सुटून आलं आणि बुडाशी कुजकट वास आला, तर आत सडण सुरू झालेली असते.

युरोपने यावर पहिला उपाय केला तो काचेचा. लंडनच्या क्यू उद्यानातलं पाम हाउस १८४४ ते १८४८ या काळात उभं राहिलं. डेसिमस बर्टन आणि रिचर्ड टर्नर यांनी लोखंड आणि काच वापरून ही भव्य वास्तू उभारली. आत बंब पेटवून उष्ण कटिबंधाची हवा तयार केलेली होती. पाम म्हणजे उष्ण प्रदेश, आणि उष्ण प्रदेश म्हणजे साम्राज्य, अशी ती समजूत होती. गंमत अशी, की हिवाळ्यात बाहेर उघड्यावर उभा राहू शकेल असा पाम तोवर युरोपात पोहोचलाही होता. नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डचांच्या चाकरीत असलेला जर्मन डॉक्टर फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड याने १८३० च्या सुमारास त्याच्या बिया जपानहून हॉलंडला नेल्या होत्या. त्यातली रोपं मात्र उबदार घरांतच वाढवली जात होती.

ही समजूत मोडली ती रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माळ्याने. भारतीय वाचकाला तो वेगळ्या कारणासाठी ठाऊक असतो. ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपं आणि कारागीर हिमालयाच्या पायथ्याशी आणणारा तो हाच. १८४० च्या दशकात चीनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चुसान, म्हणजे आजच्या झौशान, बेटावर त्याने पंख्यासारख्या पानांचा हाच पाम पाहिला. हिवाळ्यात तिथे बर्फ पडायचं आणि झाड ढिम्म उभं असायचं. शेतकरी त्याच्या खोडावरचे केसाळ पापुद्रे सोलून दोर वळत, आणि कोकणातल्या इरल्यासारखी पावसाळी पांघरुणं विणत. फॉर्च्यूनने १८४९ साली याची रोपं इंग्लंडला रवाना केली. प्रवासात त्यांना आधार होता तो वॉर्डच्या पेटीचा. नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरने शोधलेल्या या बंद काचपेटीत ओलावा आतल्या आत फिरत राही, आणि रोपं महिनोन् महिने समुद्रावर तगत. याच पेट्यांतून चहाही कलकत्त्यामार्गे सहारनपूरला पोहोचला.

या पामची एक जागा क्यूच्या उघड्या हिरवळीवर ठरली आणि दुसरी राणी व्हिक्टोरियाच्या वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाउसमध्ये, जिथे तो १८५१ मध्ये लावला गेला. हिमवर्षावात तो जगला, आणि काही दशकांतच दक्षिण इंग्लंडच्या किनारी गावांत चुसान पाम हा बागेचा दागिना झाला. शास्त्रीय नावात आज फॉर्च्यूनचं नाव आहे: ट्रॅकिकार्पस फॉर्च्यूनाय. मुरलेलं झाड उणे १५ अंशांच्या आसपासची थंडी सोसतं. खोडाभोवतीचं केसाळ वेष्टण आतल्या कोंबाला ऊब देतं, आणि पानांतल्या पेशींनाही बर्फाशी जुळवून घेता येतं.

या कुळाची एक शाखा आपल्या हिमालयातही आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख नॅथॅनियल वॉलिच १८२०-२१ मध्ये नेपाळात फिरत होता. तिथे त्याला असाच पंखापानांचा पाम आढळला. तो पुढे ट्रॅकिकार्पस मार्शियानस झाला. मेघालयातल्या खासी टेकड्यांतही तो वाढतो. कुमाऊंमधला भाऊबंद त्याहून काटक आहे. पिथौरागढजवळच्या थलकेदार डोंगरावर, सुमारे २००० मीटरच्या वर, ओक वृक्षांच्या सावलीत तो उभा असतो, आणि दर हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ साचतं. फ्लॉरेन्सच्या ओदोआर्दो बेक्कारीने १९०५ मध्ये त्याला ट्रॅकिकार्पस टकिल हे नाव दिलं. दार्जिलिंगच्या विंडामीअर हॉटेलसमोरचा पाम तर अनेक वर्षं वेगळी जात म्हणून ओळखलाच गेला नव्हता. १९९७ मध्ये त्याची ट्रॅकिकार्पस लॅटिसेक्टस अशी स्वतंत्र नोंद झाली.

थंड देशांत पाम लावणाऱ्यांचं एक तंत्रच पुढे तयार झालं. पानं वर गोळा करून सुतळीने बांधायची, मधल्या कोंबाभोवती कोरडं गवत भरायचं, वर गोणपाट गुंडाळायचं, बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर द्यायचा. प्लास्टिक घट्ट आवळायचं नाही, कारण आत घाम धरतो. कोरडी थंडी झाड सोसतं, पण शेंड्यात साचलेलं पाणी गोठलं की कोंब कुजतो. ऊन पडलं की गुंडाळी सैल करायची. वाढत्या वयाबरोबर झाड चिवट होतं, त्यामुळे ही निगा मुख्यतः पहिल्या काही हिवाळ्यांची.

हौसेने जपलेलं हे झाड काही ठिकाणी डोईजड झालं. स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात, लुगानो आणि माज्जोरे तलावांच्या काठी, पक्ष्यांनी चुसान पामच्या बिया रानात नेल्या. हिवाळे सौम्य होत गेले, आणि जंगलाच्या तळाशी पामची दाटी झाली. शेवटी १ सप्टेंबर २०२४ पासून स्विस सरकारने त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. ज्या युरोपने पामसाठी काचमहाल बांधले, तिथल्याच एका देशाला पामपासून रान वाचवायची वेळ आली.

चुसान पाम जयपूरला थंडीत तगेल, पण मेमधला ४५ अंशांचा उन्हाळा आणि कोरडी लू त्याला मानवत नाही. त्याला धुकं, पाऊस आणि डोंगरी हवा लागते. राजस्थानात दोन्ही टोकं सोसणारा पाम मुळातच आहे. अबूच्या पहाडावर, समुद्रसपाटीपासून १२०० मीटरवर, थंडीत रात्रीचं तापमान अनेकदा शून्याखाली जातं. तिथल्या ओहळांच्या काठांवर आणि खडकांच्या बेचक्यांतून शेकडो रानखजूर उभे दिसतात. हीच आपली शिंदी. जयपूरच्या आसपासच्या नाल्यांकाठी आणि शेतांच्या बांधांवरही ती असते. उणे पाच-सहा अंशांचा झटका तिला जुजबीच लागतो. उलट थंडीच तिच्या रसाला चव आणते. बंगालात तिचा रस हिवाळ्यातच काढतात. रात्र जितकी थंड तितका सकाळचा रस नितळ, आणि त्याचाच तो प्रसिद्ध नोलेन गूळ.

शिंदीला मान मिळाला तो केरसुणीच्या रूपात. महाराष्ट्रात तिच्या पानांची केरसुणी प्रामुख्याने मातंग समाजातले कारागीर बांधत आले, आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी 'लक्ष्मी' म्हणून पाटावर ठेवली जाते. राजस्थानातही खजुरीच्या पानांचे झाडू घराघरांत असतात. लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारी यांच्या कल्पनेतून जोधपूरजवळ उभ्या राहिलेल्या अरना-झरना संग्रहालयात तर झाडूंचाच मोठा संग्रह आहे. इतकं करूनही बागेच्या आराखड्यात शिंदीला जागा मिळत नाही. ती रानातली, काटेरी, फुकट मिळणारी. फ्लोरिडात मात्र हेच झाड सिल्व्हेस्टर पाम नावाने दिमाखात रस्त्यांच्या कडेला लावलं जातं.

जगतपुऱ्यातल्या सोसायट्यांपुढे त्यामुळे दोन रस्ते आहेत. फॉक्सटेल किंवा रॉयल लावायचा हट्टच असेल तर शेतकऱ्यांचे उपाय कामी येतात. राजस्थानात रब्बी पिकांसाठी सांगितलं जातं, की थंडीच्या लाटेचा इशारा मिळाला की संध्याकाळी हलकं पाणी द्यावं. ओली माती दिवसाची ऊब रात्री सोडते आणि तापमान अंश-दोन अंशांनी सावरतं. त्यात कोंबाभोवती गोणपाट आणि वर शेडनेट. जागा निवडतानाही भान हवं. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी सखल भागात साचते. त्यामुळे खड्ड्यातल्या बागेपेक्षा दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगतची उंच जागा बरी. दिवसभर तापलेली भिंत रात्री उष्णता परत देते.

दुसरा रस्ता शिंदीचा. पावसाळ्याच्या तोंडाशी लहान रोप लावलं तर पहिल्या हिवाळ्यापर्यंत मुळं धरतं, आणि दोन-तीन वर्षांनंतर थंडीसाठी त्याच्याकडे बघावंही लागत नाही. अडचणी आहेत, पण त्या थंडीच्या नाहीत. पानांच्या बुडाशी सुईसारखे काटे असतात, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि पायवाटेपासून झाड दूर हवं. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीची पिवळी-तांबूस फळं फरशीवर पडून चिकट सडा होतो. रोप नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही, आणि त्याला काही वर्षं जातात. तेवढी वाट बघायची तयारी नसलेले लोक बांधावरची जुनी, उंच शिंदी यंत्राने उपटून आणतात. तेव्हा खोडाची साल जपणं, पानं बांधून घेणं आणि मुळांचा गड्डा मोठा ठेवणं महत्त्वाचं असतं. हे काम उन्हाळ्यात करावं, कारण उबदार मातीत खोडाच्या बुडातून नवी मुळं लवकर फुटतात. डिसेंबरात हलवलेली शिंदी मात्र थंडीला तोंड देण्याआधीच तहानेने वाळू शकते.