विमानाचे वळण आणि जोडलेली तार

मोताळ्याहून बुलढाण्यास निघालेली एस.टी. राजूर घाटात वळू लागली की आपण सारे वळणाच्या बाहेर ढकलले जातो. सायकलस्वार मात्र आत झुकतो आणि सुखाने निघून जातो. विमानालाही असेच झुकावे लागते. हे ज्यांनी नीट ओळखले ते विल्बर व ऑर्विल राइट हे बंधू अमेरिकेतील डेटनचे सायकल-दुकानदार होते, हा निव्वळ योगायोग आहे असे आम्ही मानीत नाही.

पण १९०१ च्या त्यांच्या ग्लायडरमध्ये एक खोड निघाली. विमान डावीकडे झुकवायचे तर उजव्या पंखाची उचल वाढवावी लागते. उचल वाढली की त्या पंखाला हवेचा अडथळाही वाढतो. तो मागे ओढला जातो आणि नाक भलतीकडेच, म्हणजे उजवीकडे जाते. गाडी वळवताना बाहेरच्या बैलाला जादा चालायचे असते. नेमके तेव्हाच त्याने पाय ओढावेत, तसा हा प्रकार.

१९०२ साली त्यांनी शेपटीला दोन उभी, न हलणारी पाती लावली. तरीही ग्लायडर मधूनच वाळूत घुसे. या आपटण्याला बंधू थट्टेने 'विहीर खणणे' म्हणत! अखेर सुकाणू हलते करावे, असे ऑर्विलने सुचविले. त्याच्या तारा पंख पिळणाऱ्या तारांनाच जोडाव्यात, ही भर विल्बरची. पालथे पडलेल्या उडवणाऱ्याने कंबर हलविली की दोन्ही कामे एकदम होत. १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेल्या यंत्रातही हीच जोडणी होती. (त्याचे इंजिन त्यांच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने बांधले. कामगारांत वावरलेल्या आम्हांस हे नाव गाळून पुढे जाववत नाही.) २० सप्टेंबर १९०४ रोजी विल्बरने हवेत पूर्ण फेरा घेतला. आणि १९०५ मध्ये काय केले? सुकाणू मोकळे करून त्याला वेगळी मूठ दिली! त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला यंत्र ३९ मिनिटे उडाले.

जोडलेली तार का तोडली, हे रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांकडे पाहिले की कळते. १९३७ मध्ये वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी अमेरिकेत असे विमान उडविले. पुढे कित्येक वर्षे साध्या विमानांना एकटे सुकाणूच असे. वर उचललेल्या पंखांमुळे ते आपोआप झुकत. नंतर पंखांच्या झडपा आल्या आणि राइटांची खोडही आली. आज हातातील पेटीतच हिशेब भरता येतो : झडपांची काडी इतकी हलली तर सुकाणू इतके वळावे. याला मिक्सिंग म्हणतात. लांब पंखांना त्याचे प्रमाण जास्त लागते. फार दिले तर शेपूट बाहेर घसरते.

परंतु आडव्या वाऱ्यात उतरताना पंख वाऱ्याकडे झुकवून सुकाणू उलट द्यावे लागते. तेथे जोडणी आडवी येते, म्हणून ती बंद करण्याचा खटका पेटीवर असतो. नव्या मुलाने तो खटका कोठे आहे हे आधी शिकावे, प्रमाणाचे आकडे मागाहून. आमचे मत असे आहे.

ग्लायडर उडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काचेवर लोकरीचा एक तुकडा चिकटविलेला असतो. वळण बिघडले की तो तिरका होतो. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील मुले लहान विमाने करतात. त्या विमानावर असा धागा लावला तरी जमिनीवरून तो कोणास दिसणार? शेपूट नाकामागून सरळ येते की नाही, एवढेच पाहत त्यांना मैदानात उभे राहावे लागते.