फ्युचर परफेक्ट टेन्स : ‘झालेलं असेल’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

‘तुम्ही याल तेव्हा मी स्वयंपाक करेन’ आणि ‘तुम्ही याल तेव्हा माझा स्वयंपाक झालेला असेल’. पहिल्या वाक्यातल्या पाहुण्याला थांबावं लागणार, दुसऱ्यातल्याने हात धुवून पानावर बसायचं. भविष्यातल्या ठरावीक वेळेच्या आधीच एखादी गोष्ट पूर्ण झालेली असेल, हे सांगणारा इंग्रजीतला काळ म्हणजे फ्युचर परफेक्ट टेन्स, अर्थात पूर्ण भविष्यकाळ.

रचना सोपी आहे : ‘विल हॅव’ आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय विल हॅव कुक्ड’, ‘द ट्रेन विल हॅव लेफ्ट’. कर्ता कोणीही असो, ‘विल’नंतर ‘हॅव’च येतं. ‘शी हॅज’ इतकं घोकलेलं असतं की ‘शी विल हॅज’ सहज तोंडून निघतं, ते चूक. नकारात ‘विल नॉट हॅव’, प्रश्नात ‘विल यू हॅव फिनिश्ड?’.

खरी गोची मराठीतल्या ‘पर्यंत’मुळे होते. ‘पाच वाजेपर्यंत काम करेन’ आणि ‘पाच वाजेपर्यंत काम संपलेलं असेल’, आपल्याला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो. इंग्रजीत काम पाचपर्यंत चालूच राहणार असेल तर ‘टिल फाइव्ह’, पाचच्या आत संपणार असेल तर ‘बाय फाइव्ह’. म्हणून ‘आय विल हॅव फिनिश्ड इट बाय फाइव्ह’. साहेबांना नुसता शब्द द्यायचा असेल तर ‘आय विल फिनिश इट बाय फाइव्ह’ही चालतं, रोजच्या बोलण्यात तेच जास्त ऐकू येतं.

दुसरी चूक ‘बाय द टाइम’नंतर होते. मराठीत ‘आपण पोहोचू तोवर गाडी सुटलेली असेल’ असं दोन्हीकडे भविष्य असतं. इंग्रजीत मात्र ‘बाय द टाइम वुई रीच, द ट्रेन विल हॅव लेफ्ट’. ‘रीच’च्या आधी ‘विल’ लावायचं नाही.

कालावधीही याच काळात सांगतात. ‘जूनमध्ये तिला इथे नोकरीला दहा वर्षं होतील’ म्हणजे ‘बाय जून, शी विल हॅव वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स’.

आणि ‘तो एव्हाना घरी पोहोचला असेल’ या वाक्यात भविष्य नाहीच, नुसता अंदाज आहे. गंमत म्हणजे इंग्रजीतही तिथे हीच रचना चालते : ‘ही विल हॅव रीच्ड होम बाय नाउ’.